उजेड मागितला होता

नव्या टॉवरला उत्तम रचनेचं मोठं बक्षीस मिळणार अशी हवा झाली, आणि गदा आली ती मावशीच्या पडद्यावर.

पडदा तरी कसला! गिऱ्हाइकांच्या उरल्यासुरल्या जाड कापडांचे तुकडे जोडून केलेलं एक धूड. पँटीचं तपकिरी, कोटाचं हिरवट, कुठे चौकडा, कुठे रेघा. मावशीने जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते, म्हणून सारी इमारत तिला शिलाईमावशी म्हणायची. टॉवर नखशिखांत काचेचा. प्रत्येक घराला आतून एकसारखा पांढरा जाळीचा पडदा, नियमच तसा. आणि सतराव्या मजल्यावर मावशीचं ते ठिगळ. कोऱ्या करकरीत सदऱ्याला बरोबर छातीवर पॅच मारावा तसं रस्त्यावरून दिसायचं. इमारतीचा मॅनेजर पडदा काढा म्हणून वरचेवर येऊन गेला होता, आणि मावशीने त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं.

पण आता सांगायला आली ती मनी. मनी म्हणजे मावशीची एकुलती एक लेक, आणि हा टॉवर कागदावर काढला होता तो तिनेच. आपलेच दात नि आपलेच ओठ.

"आई, एकच दिवस काढ. परीक्षक बघून गेले की लगेच लाव."

"आणि तोवर तुझ्या बापाची काय घडी घालून कपाटात ठेवू?"

नाना, मनीचे वडील, खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. झटका आला आणि एक अंग गेलं. मान वळत नव्हती, जीभही जड झाली होती. दवाखान्यासारखी वरखाली होणारी ती लोखंडी खाट आतल्या खोलीच्या दारातून जाईना. दार अरुंद, त्यात इमारत गोल, म्हणून भिंतही गोल. मग खाट बाहेरच्या खोलीत एकुलत्या सरळ भिंतीला लावली, तर समोर जमिनीपासून छतापर्यंत काच. तीही पश्चिमेची. दुपार कलली की ऊन थेट नानांच्या डोळ्यांत. जाळीच्या पडद्यातून ते चाळणीतून पाणी यावं तसं यायचं. उशाची बाजू बदलून पाहिली, तर टाळू भाजायला लागली. डोळ्यांवर फडकं टाकावं, तर नाना घाबरेघुबरे व्हायचे. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा डोळे बांधलेले होते, तेव्हापासून ती धास्ती बसली होती. म्हणून तो पडदा.

समोरच्या दारातले मास्तर आवाज ऐकून नेहमीप्रमाणे आत येऊन बसले. निवृत्त माणूस. भांडण दुसऱ्याचं असेल तर फार रमायचे.

"मावशी, तुम्हाला कदर नाही," ते म्हणाले. "काय तो प्रकाश! काय ती भव्यता! अशी इमारत उभ्या गावात नाही."

"मास्तर, तुमच्या घराचं तोंड कुठे?"

"पूर्वेला."

"मग उंटावरून शेळ्या हाकू नका. दुपारचं जेवण झालं की इकडे या, नानांच्या शेजारी लोळा, आणि भव्यता कुठे कुठे पोळली ते मला दाखवा."

मास्तरांनी विषय बदलायचा म्हणून खालच्या दालनाचं कौतुक काढलं. तिथला तो दगड म्हणे परदेशातून आणलाय.

"आणला असेल. बसायला एक बाक आणला का पण? लिफ्ट बंद पडली की सगळे म्हातारे त्या दगडावर बगळ्यासारखे एका पायावर उभे. दगड नुसता पुसायचा आणि बघायचा. घर आहे का दागिन्यांचं दुकान?"

"आई!" मनीचा आवाज चढला. "बाक होता माझ्या नकाशात. इमारतीच्या मालकाने काढायला लावला. प्रत्येक गोष्ट माझ्या माथी मारू नकोस."

"बरं, बाक मालकाच्या माथी. आणि ही काच?"

मनी वळली. मग काचेशी जाऊन उभी राहिली.

"काच माझी," ती म्हणाली. "आणि कोणासाठी काढली माहीत आहे? आपल्या त्या एका खोलीत हातभर खिडकी होती. दिवसभर तू म्हणायचीस, मेलं या खोलीत उजेड म्हणून नाही, सुईत दोरा जाईना. मी गृहपाठ घेऊन त्या कवडशात बसले की मला उठवून तू बसायचीस. मी तेव्हाच ठरवलं होतं, आईला एक दिवस उजेडाची अख्खी भिंत द्यायची."

तिचे डोळे भरले. मावशीला लहानपणची मनी आठवली. ही पोरगी मांजरासारखी तो कवडसा शोधत फिरायची, म्हणूनच तर नानांनी तिचं नाव मनी ठेवलं होतं.

"किती वाजता येणार तुझे ते परीक्षक?"

"सकाळी. ऊन इकडे वळायच्या आत जातील."

"घेऊन जा," मावशी म्हणाली. "पण माणसं पाठव, माझे हात वर पोचत नाहीत." पोचत होते. स्वतःच्या हाताने काढवत नव्हता, इतकंच.

ठरल्या दिवशी मॅनेजरची माणसं भल्या सकाळी आली आणि पडदा दांडीसकट उतरवून तळघरात घेऊन गेली. खोली एकदम उघडी पडली. मावशीने लुगड्याला इस्त्री करावी तशी खोली लखलखीत केली, नानांची दाढी केली आणि वाट बघत बसली.

सकाळ गेली. परीक्षक खालचा दगड बघत होते, म्हणे. मग गच्चीवर गेले. मग मालकाने त्यांना जेवायला नेलं. मावशीने मनीला फोन लावला, मनीने उचलला नाही. मॅनेजरला लावला.

"मावशी, साहेबलोक जेवतायत. जरा दम धरा."

"मी धरते रे. सूर्याला कोण सांगणार दम धर म्हणून?"

ऊन आधी फरशीवर आलं. मग खाटेच्या पायावर चढलं. मग चादरीवरून सरकत सरकत नानांच्या हनुवटीवर. मावशीने जाळी ओढली, खाट ढकलून पाहिली. एवढ्या वजनाची खाट तिला थोडीच जुमानते! नानांनी डोळे घट्ट मिटले. कडांतून पाणी ओघळायला लागलं. पुसायला तिने फडकं जवळ नेलं, तर नानांचा चांगला हात ते झिडकारायला वर आला.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडणार कोणावर? खोलीत दोघंच. ती उठली आणि काचेला पाठ लावून उभी राहिली. तिची सावली नानांच्या तोंडावर पडली. नानांनी हळूच डोळे उघडले.

"बसमध्ये," ते अडखळत म्हणाले, "उन्हाची... पट्टी असायची. खाली... ओढायची."

"तेच म्हणते मी! बसला असते. घराला नाही."

पाठ भाजत होती. ऊन सरकेल तशी ती इंच इंच सरकत होती. पाय भरून आले. बसावं म्हटलं, की ऊन बसे नानांच्या डोळ्यांवर.

आणि तेव्हा आले सगळे. पुढे मनी, मागे परीक्षक बाई, कॅमेरा घेतलेला एक गृहस्थ, मॅनेजर, आणि सगळ्यांच्या मागे आपले मास्तर. न बोलावता.

"आणि हे माझ्या आईवडिलांचं घर," मनी हसून म्हणाली.

"वा!" परीक्षक बाई म्हणाल्या. "केवढा उजेड! आजी, इथे राहून कसं वाटतं? बसा ना, उभ्या का?"

मनीने आईकडे पाहिलं. ती नजर मावशी ओळखत होती. परीक्षेला जाताना पोरगी अशीच बघायची. आजच्या एका शब्दावर तिची एवढ्या वर्षांची मेहनत टांगलेली होती. 'छान वाटतं' म्हणायला काही पैसे पडत नव्हते.

"बसता येत नाही," मावशी म्हणाली.

"गुडघे दुखतात का?"

"गुडघे बरे आहेत. मी बाजूला झाले की काय होतं ते बघायचंय? बघा." आणि ती पाऊलभर सरकली.

ऊन नानांच्या तोंडावर थापडीसारखं बसलं. त्यांनी डोळे मिटले, चांगला हात हवेत चाचपडायला लागला. मावशी लगेच परत जागेवर आली.

"दुपारभर मी पडदा होऊन उभी आहे. पडदा होता, तो तुम्हाला दिसू नये म्हणून तळघरात गेला. चांगलं आहे हो तुमचं! इमारत चांगली दिसावी म्हणून माणसाने दिसू नये. बाहेरून बघणाऱ्याला बक्षीस, आत राहणाऱ्याला शिक्षा!" मग ती लेकीकडे वळली, आणि आवाज आणखी चढला, कारण रडू येत होतं. "उजेड मागितला होता मी, बये. ऊन नव्हतं मागितलं. एकदा येऊन विचारायचंस तरी, उजेड कुठल्या बाजूने हवाय तुला?"

 मॅनेजर घाम पुसत म्हणाला, "आजीबाई जरा थकल्या आहेत..."

"थकलीच आहे. तू राहा उभा!"

मनी पुढे आली. मावशीला वाटलं, आता ही हात धरून आपल्याला बाजूला करणार. तिने पाय रोवले. मनी तिच्या शेजारी, काचेशी, उन्हात उभी राहिली. उन्हाने तिचे डोळे बारीक झाले. तिने काचेला तळहात लावला आणि चटकन मागे घेतला. मग वळून पाठ काचेला लावली.

"बस आई," ती म्हणाली. "मी आहे."

मावशी खाटेच्या कडेला टेकली. पाठीला वारा लागला तेव्हा कुठे तिला कळलं की अंगातलं कापड ओलंचिंब आहे.

"तुमचे प्रश्न विचारा," मनी परीक्षक बाईंना म्हणाली. "मी इथूनच उत्तरं देते. पश्चिमेची बाजू माझी चुकली आहे, ते पहिलं लिहून घ्या. आणि मॅनेजर, आधी तळघरातून पडदा आणा."

"पण मॅडम, कॅमेरा..."

"आणा म्हणते ना!"

मॅनेजर गेला. त्याच्यामागे मास्तरही गेले, "दांडी मी धरतो" म्हणत. लेकीची सावली बापाच्या तोंडावर स्थिर पडली होती. नानांनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि तोंड वाकडं करून हसले.

"मनी," ते म्हणाले. "अजून... उन्हातच."

"हसू नका तुम्ही," मावशी फणकारली. "हसण्यासारखं काही झालेलं नाही."

पडदा आला. मनी स्टुलावर चढली, मास्तरांनी एक टोक धरलं, आणि दुसरं धरायला बाकी कोणी पुढे येईना म्हणून परीक्षक बाईंनी. घाईत तो उलटा लागला. सगळे जोड, सगळ्या शिवणी, लोंबणारे दोरे घरात, सुलटी बाजू रस्त्याकडे.

"उलटा लागलाय," मावशी म्हणाली. "उतर खाली. असं काम मी हातातून जाऊ देत नाही."

खोलीत सावली झाली होती. नाना झोपायच्या बेतात होते. मनी स्टुलावरच उभी होती, पाठीवर घामाचा डाग घेऊन.

"ऊन गेल्यावर करू गं," ती म्हणाली.