वॅगनवरून खाली

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी सुरेखा, मूळची कराडची, आणि मी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. नवऱ्याने, मिलिंदने, एकदा बिअरचा डबा घरी आणला तर तो लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवू दिला नव्हता मी. आणि तरी इथे कॅनडात, किचनर शहरात, आमच्या डे-केअरमध्ये सगळे मला सुधारलेली बेवडी समजत होते. ही सगळी कादंबरी नावाच्या बाईची कृपा.

कादंबरी माझ्या कितीतरी आधी कॅनडात आलेली. आम्ही दोघी एकाच डे-केअरमध्ये, रांगत्या पोरांच्या खोलीत, दोघीही टेम्पररी. पर्मनंट जागा एकच निघणार होती, आणि पोरं माझ्याकडे जास्त झेपावायची हे सगळ्यांना दिसत होतं. तरी कादंबरी माझ्याशी साखर घोळून बोलायची, आणि मी मूर्ख, ताई ताई करत तिच्या मागे. माझं इंग्रजी कामापुरतं. त्यात या लोकांचं पिण्याचं इंग्रजी म्हणजे तर अजबच. वाइन ओली असते, पण तिला हे ड्राय म्हणणार. कुणीतरी सकाळी सकाळी 'डबल-डबल' आणायला निघालं तेव्हा मला वाटलं, बाई गं, कामावर पेग? तर ती दुप्पट साखर, दुप्पट क्रीम घातलेली कॉफी निघाली.

ख्रिसमसच्या आधी आमची डायरेक्टर लिंडा सगळ्या स्टाफला जेवायला घेऊन गेली. किंग स्ट्रीट एलआरटीच्या, म्हणजे ट्रामच्या, रुळांसाठी खोदून ठेवलेला, चिखल तुडवत गेलो. गाडीतून उतरतानाच मी कादंबरीला विचारलं होतं, की आपल्याकडे 'मी घेत नाही' म्हटलं की भागतं, इथे नीट काय म्हणायचं? ती गोड हसून म्हणाली, "आय अ‍ॅम ऑन द वॅगन म्हण. शिकलेली माणसं असंच म्हणतात." मी ते मनात घोकत आत गेले. वाइनची बाटली माझ्यापाशी आल्यावर ताठ मानेने म्हटलं. शेजारणीने बाटली झटकन दूर सरकवली. लिंडाने माझा हात हातात घेऊन हळूच विचारलं, "हाऊ लाँग?" मला वाटलं, कॅनडात येऊन किती वर्षं झाली विचारते आहे. सांगितलं, चार वर्षं. तिचे डोळे भरून आले. बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि कादंबरीसुद्धा वाजवत होती.

जानेवारीत पर्मनंट जागा तिला मिळाली. मला किचनमध्ये टाकलं, सफरचंदं चिरायला. लिंडा म्हणाली, तुझ्यावर ताण नको. पोरांबरोबर एकटीला सोडणं बंद झालं. नोआ नावाचं एक पोर माझ्या मांडीवरच झोपायचं, ते किचनच्या काचेवर थापा मारत रडायचं आणि कादंबरी त्याला उचलून न्यायची. मला कारणच कळेना. मी काय पाप केलं होतं?

कळलं ते माझ्या मुलीकडून. गौरांगी सोळाची, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. जेवताना मी तो प्रसंग सांगितला आणि तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, ऑन द वॅगन म्हणजे न पिणारी नव्हे. पिऊन पिऊन वाट लागली, मग सोडली, ती ऑन द वॅगन. माझ्या अंगाची आग आग झाली.

दुसऱ्या दिवशी लिंडाकडे गेले, माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. तिने पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, तुला काही सिद्ध करायची गरज नाही. म्हणजे विश्वासच नाही! मग कादंबरीला वॉशरूममध्ये गाठलं. आरशात लिपस्टिक लावत होती. म्हणाली, "अगं, गंमत केली. आणि आता कितीही नाही म्हण, पिणारे सगळे नाहीच म्हणतात." लिपस्टिकचं झाकण लावलं आणि गेली. तिथेच मी ठरवलं, माझं नाव जिने बुडवलं तिच्याच तोंडून ते धुऊन घ्यायचं. काट्यानेच काटा काढायचा.

संधी जूनमध्ये आली. कादंबरीची सासू साताऱ्याहून आली होती, सगळे तिला आक्का म्हणायचे. पर्मनंट झाल्याचं निमित्त करून कादंबरीने बॅकयार्डमध्ये बार्बेक्यू ठेवला, लिंडाला बोलावलं, सगळ्या स्टाफला बोलावलं, आणि तोंडदेखलं मलाही. आक्का समोर म्हणून दारूबिरू काही नाही. कादंबरीच्या हातात द्राक्षाच्या ज्यूसचा ग्लास, लालभडक.

आक्का माझ्याशेजारी बसल्या, गावाकडचं माणूस म्हणून खुलल्या. म्हणाल्या, त्या मोठ्या बाईंना सुनेचं कौतुक इंग्रजीत सांगायचंय, एखादं वाक्य शिकव की. म्हातारीचा काय दोष? पण काचेवर थापा मारणारा नोआ आठवला आणि मी शिकवलं: माय डॉटर-इन-लॉ फेल ऑफ द वॅगन. अर्थ विचारला तर म्हटलं, सून नावारूपाला आली. आक्कांनी ते चार-पाचदा पुटपुटून पाठ केलं, पदर सारखा केला आणि उठल्या.

लिंडाचा हात धरून त्यांनी ते खणखणीत म्हटलं. एक शब्द चुकला नाही. त्याचा अर्थ, माझी सून पुन्हा प्यायला लागली. लिंडाने कादंबरीकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या लाल ग्लासकडे. त्या दिवशी माझ्याशी बोलली होती त्याच मऊ आवाजात म्हणाली, कादंबरी, डिअर, तू मला आधी सांगायला हवं होतंस. बाकीच्या बायका आपापल्या प्लेटकडे बघायला लागल्या.

कादंबरी पांढरी फटक पडली. हे ज्यूस आहे म्हणाली. लिंडाने मान हलवली, हो हो, असू दे. बया आता घाबरली. ग्लास लिंडाच्या नाकाशी नेला, ती मागे सरकली. शेवटी कादंबरी ओरडलीच, आईंना इंग्रजी येत नाही, त्यांना या शब्दांचा अर्थ माहीत नाही, कुणीतरी शिकवलं आणि त्या बोलल्या, आमच्या माणसांचं असं होतं.

हेच मला ऐकायचं होतं. सगळ्यांसमोर, तिच्या तोंडून.

लिंडा हळूहळू माझ्याकडे वळली. तिने विचारलं, सुरेखा, ख्रिसमसला तू ते बोललीस तेव्हा तुला अर्थ माहीत होता? मी नाही म्हटलं. दारू कधी शिवलेसुद्धा नाही, आणि चार वर्षं म्हणजे कॅनडातली. लिंडाने कपाळावर हात ठेवला. मग विचारलं, आक्कांना हे कुणी शिकवलं?

"मी," मी म्हटलं. इंग्रजीतच म्हटलं, आणि या वेळी शब्द न् शब्द माझा होता. "मला कादंबरीने शिकवलं, तसंच."

कादंबरी नाही म्हणायला गेली आणि थांबली. कारण नाही म्हणण्याचा अर्थ काय होतो ते तिनेच मला सांगितलं होतं. लिंडाने पर्स उचलली, सोमवारी आपण तिघी बोलू म्हणाली, आणि जाताना मला विचारलं, नोआ अजून तुझं नाव घेतो, माहीत आहे ना?

आक्का बावरून उभ्या होत्या. एकदा सुनेकडे बघत, एकदा माझ्याकडे. म्हणाल्या, "काय गं पोरी, माझं इंग्रजी चुकलं का?"

"नाही आक्का," मी म्हटलं, "तुमचं काहीच चुकलं नाही. अर्थ मात्र मी तुम्हाला खोटा सांगितला, त्याची माफी मागते. खरा तुमच्या सूनबाईंना येतो. आणि त्यांनी तो माझ्यावर कसा वापरला, तेही त्याच सांगतील."

मी खुर्ची ओढून आक्कांना बसवलं, आणि कादंबरी बोलेपर्यंत तिथून हलले नाही.