बोटभर फट

लोकांच्या गच्चीवरच्या टाक्या हलवायला लावण्यात इंजिनियरसाहेबांची हयात गेली. पण स्वतःच्या दुसऱ्या मजल्यावर माशांचा सहाशे लिटरचा टँक आणला, तेव्हा तो भिंतीलगत, तुळईवर ठेवावा हे काही त्यांना सुचलं नाही. दिवाणखान्याच्या मधोमध तो झकास दिसत होता ना!

"पेलेल ना हो?" बायकोने विचारलं.

"आता तू मला शिकवणार?"

महिन्याभरात खालच्या मास्तरीणबाई वर आल्या. "साहेब, आतल्या खोलीचं दार जरा बघता का? लागतच नाही. सुताराने तीनदा रंधा मारला."

साहेबांनी जाऊन पाहिलं. दाराची चौकट वरून दबली होती, नेमकी टँकच्या खाली.

"हवा दमट आहे," ते कसेबसे म्हणाले.

"असेल बाई. तुम्ही वर आहात, म्हणून मी निर्धास्त असते."

वर येऊन त्यांनी तडक टँकमध्ये नळी सोडली. मासे बादल्यांत गेले, पाणी मोरीत.

दोन दिवसांनी बाईंनी त्यांना जिन्यात चार शेजाऱ्यांसमोर गाठलं.

"काय हात आहे साहेबांचा! नुसतं बघून गेले आणि दार लागायला लागलं. वर बोटभर फट राहते तेवढीच. तो सुतारच मेला अडाणी, उगाच तासत बसला."

साहेबांनी मान खाली घातली. शेजाऱ्यांना तो विनय वाटला.