दोन लीगांच्या मधली फळी

मित्रांनो, मी एका कुंपणाची जुनी फळी आहे. माझे एक अंग हिरवे आणि दुसरे पांढरे. रंगाचे आता पापुद्रे सुटतात. पण तो कोणी लावला, हे सांगणारी मीच उरले आहे.

मिशिगनच्या जंगलात एका पाइन वृक्षाच्या पोटात मी ऐंशी वर्षे होते. मग एका हिवाळ्यात कुऱ्हाडी आल्या. त्यानंतर नदी, मग करवतीची गिरणी. १८९० च्या एप्रिलमध्ये मला सरोवराकाठच्या एका शहरात आणले आणि ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ, बेसबॉलच्या दोन मैदानांच्या मध्ये उभे केले.

एकमेकांना खेटून दोन मैदाने कशाला, असे तुम्ही विचाराल. जुन्या लीगचा एक नियम होता. खेळाडू एकदा एका मालकाकडे गेला की मालकाने सोडेपर्यंत तो त्याचाच. खेळाडू या नियमाला विटले. ते बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची लीग काढली. जुन्या मैदानाला लागून कोबीचे शेत होते, तेच घेऊन त्यांनी तिथे आपले मैदान केले. सामनेही त्याच दिवशी आणि त्याच वेळी ठेवले. ट्राममधून उतरलेली माणसे डावीकडे वळतात की उजवीकडे, यावर दोन्ही लीगांचे जगणे अवलंबून होते.

जुन्या मैदानाची निगा ओवेन आणि लॅरी क्विल्टी हे दोघे भाऊ अकरा वर्षे राखत होते. गवत कापणे, माती दाबणे, चुन्याच्या रेघा मारणे, सगळे दोघांनी मिळून. खेळाडूंनी थोरल्याला, ओवेनला, नव्या मैदानावर बोलावले आणि तो गेला. धाकटा लॅरी राहिला. कुंपण रंगवायची वेळ आली, तेव्हा लॅरी माझ्या एका बाजूला हिरव्या रंगाची बादली घेऊन आला. दुसऱ्या बाजूला ओवेन पांढरा रंग घेऊन उभा होता.

"चार पोरं आहेत मला, पाचवं वाटेवर आहे," लॅरी ब्रश ओढत म्हणाला. "तुझी लीग बुडाली की तू काय खाणार? कोबी?"

"कोबी तरी स्वतःच्या हातानं खाईन. तू पुस हार्बिसनचे बूट."

हार्बिसन म्हणजे जुन्या संघाचे मालक.

"पुसतो. पण मग माझ्याशी बोलायला येऊ नकोस."

"बरं," ओवेन म्हणाला.

मित्रांनो, माझी जाडी एक इंच. दोन्ही ब्रश माझ्यावर एकाच वेळी फिरत होते, दोघांच्या हाताची लयसुद्धा एकच होती. त्या 'बरं'नंतर मात्र पाच महिने दोघांत एक शब्द झाला नाही. जुलैमध्ये लॅरीला मुलगी झाली, ते ओवेनला रविवारी चर्चमध्ये पाद्र्यांनी बारसे झालेल्या बाळांची नावे वाचली तेव्हा कळले. दुसऱ्या दिवशी माझ्या पांढऱ्या बाजूला उभे राहून त्याने ते नाव दोनदा हळूच म्हणून पाहिले. ब्रिजिड. त्यांच्या आईचे नाव.

तरीही एक व्यवहार दोघांत चालू होता. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून मला खालून वीतभर आखूड कापले होते. नव्या मैदानावर फलंदाजाची जागा माझ्यापासून जवळ होती. तिथले तिरके उडालेले चेंडू माझ्यावरून हिरव्या बाजूला पडत. तेव्हा एका सामन्याला एकदोनच चेंडू असत. चेंडू बाहेर गेला की तो परत येईपर्यंत खेळ थांबायचा, आणि ज्याच्या हाती लागेल त्याने तो परत द्यायचा, ही रीतच होती. लॅरी चेंडू उचलायचा, वाकायचा आणि माझ्या पायाखालून पलीकडे सरकवायचा. ओवेन तो घ्यायचा. बोलणे नाही, पण चेंडू तरी येत-जात होता.

जूनच्या अखेरीस हार्बिसनसाहेबांनी ते पाहिले. "शत्रूला दारूगोळा पुरवतोस? यापुढे एकही चेंडू परत जाता कामा नये," त्यांनी बजावले. त्या दिवसापासून लॅरी चेंडू बादलीत टाकू लागला. पलीकडे ओवेन वाकून वाट पाहायचा. काही वेळाने पाठ सरळ करून निघून जायचा. सप्टेंबरपर्यंत बादलीत एकतीस चेंडू जमले.

जुन्या मैदानावरून मात्र माझ्यापर्यंत कधीच चेंडू आला नव्हता. त्या बाजूला मी मैदानाच्या पार टोकाला होते, फलंदाजापासून साडेचारशे फूट दूर. इतका लांब चेंडू माणूस मारू शकतो, असे कोणालाच वाटत नव्हते.

मग सप्टेंबरमधली ती दुपार आली. दोन्हीकडे सामने चालू होते. हिरव्या बाजूला सामन्याचे ठरलेले नऊ डाव संपले, अकरा संपले, तरी एकाही संघाची धाव झाली नव्हती. बाराव्या डावात जुन्या संघाचा ऑगस्ट क्रेल नावाचा धिप्पाड फलंदाज पुढे आला. हा एरवी खाटीकखान्यात काम करायचा.

बॅटचा तो आवाज मी आधी अंगावर ऐकला. चेंडू वर चढला, आणखी चढला. आता तो खाली येईल असे वाटले, पण तो आला नाही. क्षेत्ररक्षक माझ्याकडे पळत आला, माझ्यावर हात टेकून थांबला आणि तोंड उघडे ठेवून वर पाहू लागला. ऊन त्या चेंडूच्या एका बाजूवर पडले होते. तो माझ्यावरून गेला तेव्हाही उंचच होता. पलीकडच्या सामन्यातला गोलंदाज हात मागे नेलेला तसाच थबकला. फलंदाजाने बॅट खाली केली. पंचानेही मान वर केली.

चेंडू पांढऱ्या बाजूच्या गवतात पडला आणि दोन्ही स्टँड एकदम उठले. एकमेकांच्या लीगला पाण्यात पाहणारी आठ हजार माणसे, आणि आवाज एकच. तो मला दोन्ही अंगांनी लागला. मी मुळापासून शेंड्यापर्यंत वादळे पाहिलेल्या झाडाची लेक आहे. पण अशी थरथरले नव्हते.

चेंडू ओवेनच्या पायांपाशी थांबला होता. त्या फटक्याने जुना संघ जिंकला होता, आणि जिंकणाऱ्या संघाने सामन्याचा चेंडू सोनेरी रंगवून कपाटात ठेवायचा, अशी पद्धत होती. हिरव्या बाजूचे सगळे माझ्या दिशेने धावत आले होते.

"ठेव खिशात, ओवेन," नव्या संघाचा एक खेळाडू म्हणाला. "एकतीस घेतलेत त्यांनी. एक आपला."

"आणि विचारलं तर सांग, कोबीला पाणी घालताना सापडला," दुसरा म्हणाला. लोक हसले.

ओवेनने चेंडू उचलला. अंगठ्याने त्याच्यावरचे गवत पुसले. मग तो माझ्यापाशी आला आणि दोन्ही गुडघे टेकून बसला.

"लॅरी," तो म्हणाला, "आहेस का तिथं?"

"आहे."

"अकरा वर्षं आपण ती जमीन दाबली. पाहिलास ना तो फटका?"

"पाहिला रे," लॅरी म्हणाला. "माझ्या टोपीवरून गेला."

चेंडू माझ्या पायाखालून सरकला. ओवेनचा हात चेंडूवरच होता, त्यावर लॅरीचा हात आला, पण त्याने हात मागे घेतला नाही. ओवेननेही घेतला नाही. मग लॅरी उठला, बादली घेऊन आला आणि हार्बिसनसाहेब स्टँडमधून पाहत असताना त्याने एकेक करून एकतीस चेंडू पलीकडे सरकवले. घाई केली नाही. लोक मोजू लागले. वीस झाल्यावर दोन्ही बाजूंचे लोक एका सुरात मोजत होते.

"ब्रिजिड कुणासारखी दिसते?" सव्विसाव्या चेंडूला ओवेनने विचारले.

"तुझ्यासारखी. आता काय करणार."

लॅरीची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. हिवाळ्यात जुन्या लीगचे मालक आणि नव्या लीगला पैसा पुरवणारे श्रीमंत एका टेबलावर बसून जेवले, आणि खेळाडूंची लीग मोडली. खेळाडू मुकाट्याने जुन्या मालकांकडे परतले. ओवेनला मात्र कोणी परत बोलावले नाही. आमचे कुंपण उतरवले गेले. भावांनी मला मागून घेतले आणि ओवेनच्या मागच्या दारी माझे बाक केले. पुढे दोघे शहराच्या बागेत माळी झाले. अठ्ठावीस वर्षे रोज संध्याकाळी ते माझ्यावर बसत. ओवेन डावीकडे, लॅरी उजवीकडे. त्या फटक्याबद्दल लॅरी पुष्कळ बोलायचा. ओवेन नाही. शेवटच्या आजारपणात तो एकदाच म्हणाला, "ब्रिजिड जन्मली तेव्हा मी तिला पाहिलंच नाही, लॅरी. मी भेटलो तेव्हा ती मान धरत होती."

ओवेन फेब्रुवारीत गेला. बर्फ वितळल्यावर लॅरी आला आणि माझ्या उजव्या टोकाला बसला. ओवेनची मुलगी डेलिया चहा घेऊन बाहेर आली. कप देऊन ती उभीच राहिली.

"बस ना गं," लॅरी म्हणाला.

"ती बाबांची जागा आहे, काका."

"ठाऊक आहे. माझ्या शेजारची जागा मी एकदा पाच महिने रिकामी ठेवली होती. पुन्हा नको."

डेलिया बसली. लॅरीच्या कपातला चहा निवला, तोही त्याने प्यायला.

मित्रांनो, मला वर्षातून एकदा जवसाचे तेल लावले तर मी अजून टिकेन. लाकडाचे तेवढ्याने भागते. माणसांचे तसे नसते. तुमचे कोणी रुसून पलीकडे बसले असेल, तर आकाशातून काही येण्याची वाट पाहू नका. आजच जा आणि विचारा, "आहेस का तिथं?"