स्टोअरच्या कार्डावरची माणसं

संस्थेत तिला सगळे शंकासुर म्हणायचे, आणि तिला त्याचं फारसं वाईट वाटायचं नाही. कोणता कामगार किती वर्षं कसल्या धुरळ्यात उभा होता आणि पुढे त्याला कॅन्सर झाला का, हे शोधायचं म्हणजे शंका घेण्याचाच पगार. समोरच्याने सरळ उत्तर दिलं तरी ती तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारायची. एका माणसाला मात्र तिने आयुष्यात असं कधी विचारलं नव्हतं, आणि ते तिचे वडील.

या खेपेचा अभ्यास बंद पडलेल्या एका रंग कारखान्याचा होता. कापड रंगवायची पूड तिथे बनायची. ओला रंग ट्रेमध्ये पसरून गरम खोलीत वाळवायचा आणि मग त्याची ढेकळं फावड्याने फोडायची. फोडणाऱ्याच्या नाकातोंडात ती पूड जायचीच. त्या वाळवणखोलीतल्या माणसांना मूत्राशयाचा कॅन्सर जास्त होतो का, एवढंच बघायचं होतं. तुलनेला कारखान्याच्या जुन्या नोकरी-कार्डांवर 'स्टोअर' असं लिहिलेली साठ माणसं घेतली होती, कारण ती दिवसभर झाकण लावलेली पिंपं मोजायची आणि रंगाशी त्यांचा संबंध लेबलापुरता. वडील त्या साठातले एक, एकवीस वर्षं स्टोअरकीपर. तिने हे वरिष्ठांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, "त्यांची मुलाखत दुसरं कोणीतरी घेईल." ते दुसरं कोणीतरी दोनदा घरी येऊन गेलं. वडिलांनी दोन्ही वेळा चहा पाजला, गप्पा मारल्या आणि "मी स्टोअरचा माणूस, माझं काय विचारायचंय" म्हणून जिन्यापर्यंत पोचवून आले.

आकडे यायला लागले तशी तिच्या मनात पाल चुकचुकली. वाळवणखोलीत रोगी असणार हे गृहीतच होतं. पण स्टोअरमधल्या साठांतले सात? पिंपं मोजून कोणाला कॅन्सर होतो?

"विड्या ओढत असतील," वरिष्ठ म्हणाले.

"सगळीकडे सारख्याच ओढायचे. मी तपासलंय."

"मग योगायोग. कार्डावर लिहिलंय ते धरून चला. नाहीतर आपल्याला जन्म पुरायचा नाही."

ती मान डोलावून बाहेर आली, आणि जिन्यात थांबून तिने स्टोअरच्या यादीतलं वडिलांचं नाव पुन्हा एकदा पाहिलं. तिने स्वतःची समजूत घातली की ही अभ्यासाची काळजी आहे. शंकासुर बाईने एवढी लंगडी समजूत दुसऱ्या कोणाची चालवून घेतली नसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाळवणखोलीच्या मुकादमांकडे गेली. वय ऐंशीच्या पुढे, एक कान कामातून गेलेला, आणि बोलायला माणूस मिळाला की सोडायचे नाहीत. कोणाची मुलगी ते कळल्यावर तर त्यांनी खुर्ची सरकवून चांगला कान तिच्याकडे केला. तिने कार्डांच्या प्रती टेबलावर मांडल्या. म्हाताऱ्याने दोन-चार उलटून पाहिल्या आणि तो हसायला लागला.

"अगं, ही कार्डं साहेबांसाठी होती."

"म्हणजे?"

"म्हणजे कोण कुठे काम करतंय ते आमचं आम्हाला ठाऊक. ज्याच्या घरी पाळणा हलला त्याला वर्षभर वाळवणखोलीत धाडायचं नाही, असं ठरलंच होतं आमच्यात."

"का बरं?"

"तो रंग कुठे जातोय अंगावरचा. किती घासा, घाम आला की पुन्हा पिवळं. एकाने तान्ह्या पोराला तसंच उराशी घेतलं, तर पोराच्या अंगावर ही फोडं उठली. तेव्हापासून असा बाप वर्षभर स्टोअरमध्ये, आणि स्टोअरचा गडी आत त्याच्या जागी. कार्डं जिथल्या तिथे. वर कळलं असतं तर दोघांनाही घरी बसवलं असतं."

तिचं लिहिणं थांबलं. सात माणसांचा हिशेब लागला होता. इतकी वर्षं कोणालाही न दिसलेली गोष्ट हाती लागली की तिला एरवी आनंद व्हायचा. आज तिला फक्त भीती वाटली, साधी, लहान मुलांना वाटते तशी.

"आत कोण जायचं, काका?"

"पाळीपाळीने जायचे. काही जण टाळायचेही, खोटं कशाला बोलू? पण तुझ्या बापाने कधी नाही म्हटलं नाही. दुसऱ्यांच्या पाळ्यासुद्धा तोच करायचा. म्हणायचा, माझी एकच आहे आणि ती आता शाळेत जाते, मला काय होतंय. देवमाणूस गं."

परतीच्या वाटेवर तिला एकदम आठवलं, की बाबा रोज कारखान्यातून ओल्या केसांनी यायचे. थंडीतसुद्धा. आळीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण द्यायच्या. पिंपं मोजणाऱ्या माणसाला घरी येण्याआधी अंघोळ कशाला लागते, हे एकीलाही सुचलं नाही, आणि मोठेपणी त्याच विषयात पदवी घेतलेल्या त्यांच्या लेकीलाही नाही. पाठोपाठ हल्लीचंही आठवलं. आई गेल्यापासून घरात दोघंच. गेले काही महिने बाबा संडासातून लवकर बाहेर येत नव्हते, आत बादलीमागून बादली ओतत होते. स्वतःचे पायजमे स्वतः धुवायला लागले होते. म्हातारपणी वळण लागलं म्हणून तिने त्यांची थट्टाही केली होती. आता ती थट्टा आठवून तिला स्वतःची लाज वाटली. पाय भराभर उचलावेत की घर यायलाच नको, हे तिला ठरवता येईना.

बाबा टेबलाशी पेपर वाचत होते.

"मी मुकादमांकडे जाऊन आले."

त्यांनी पेपरची घडी घातली, मग ती उलगडून पुन्हा नीट घातली.

"बोलला?"

"बोलले."

"तोंडाचा फाटका, पहिल्यापासून."

तिला म्हणायचं होतं की उठा, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला. पण ती असं म्हणाली की ते हसून विषय बदलणार, हेही तिला पाठ होतं. आणि उत्तर काय येईल याची इतकी धास्ती होती, की मुलगी म्हणून विचारायला जीभ रेटेना. तिने पिशवीतून कोरी प्रश्नावली काढली. वरिष्ठांना कळलं असतं तर तिची धडगत नव्हती. ती समोर बसली आणि परक्या माणसाला विचारावं तशी पहिल्यापासून विचारत गेली.

"वाळवणखोलीत एकूण किती काळ?"

"नऊ वर्षं, दोन महिने."

त्यांना आठवावं लागलं नाही. कार्डावर नसलेला हा आकडा त्यांनी इतकी वर्षं मनात धरून ठेवला होता. तिने तो लिहिला.

"तोंडाला फडकं?"

"असायचं. श्वास कोंडायचा, मग काढून टाकायचो."

"लघवीतून रक्त जाणं?"

बाबांनी प्रश्नावलीचा कागद आपल्याकडे वळवून पाहिला.

"यावर नाव असतं का गं?"

"नाही. फक्त क्रमांक."

"वाचणाऱ्याला कळत नाही कोणाचं ते?"

"नाही कळत."

"मग लिही. हो."

तिने हो लिहिलं. पुढे 'केव्हापासून' अशी रिकामी जागा होती.

"सात महिने," ते स्वतःच म्हणाले. "थांबलीस का? पुढचं विचार."

पुढचा प्रश्न छापलेला होता. तो तिने स्वतःच बसून तयार केला होता, शेकडो अनोळखी माणसांसाठी. तिने तो वाचला तेव्हा आवाज तिचा वाटेना.

"हे डॉक्टरांना किंवा घरच्या कोणाला सांगितलं आहे का?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"आत्ता सांगितलं," ते म्हणाले.