नाव शेवटी

दर सोमवारी सकाळी बाबा स्टुडिओत शिरायचे तेव्हा त्यांच्या हातात कागदाचा कपटासुद्धा नसायचा, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान. रेडिओवर इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा सांगायच्या, त्याही थेट प्रक्षेपणात, आणि ज्या माणसाच्या नावावरून शब्द आला ते नाव अगदी शेवटी उघड करायचं, हा त्यांचा शिरस्ता. नाव लिहून ठेवलं की ते जिभेवर येऊन बसतं आणि भलत्या वेळी सटकतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आजचा शब्द कोणता, हे ते काचेपलीकडे बसणाऱ्या लेकीलाही सांगत नसत. लेक त्याच केंद्रावर ध्वनितंत्रज्ञ होती. बापाचा आवाज कमी करायची सोय हिला फक्त ऑफिसात मिळते, अशी तिथे तिची चेष्टा व्हायची.

आज तिने एक गाणं आधीच तयार ठेवलं होतं. गेल्या सोमवारी बाबांनी 'टँटलाइझ' या शब्दामागच्या टँटलसची गोष्ट, पाण्यात उभा असून जन्माचा तहानलेला राहिलेल्या त्या ग्रीक राजाची, एकाच कार्यक्रमात दोनदा सांगितली होती. श्रोत्यांना वाटलं, म्हातारा मिश्कीलपणा करतोय. केंद्रप्रमुख बाईंना तसं वाटलं नाही.

"आज अडखळले की सरळ गाणं लाव," त्यांनी तिला बजावलं होतं. "आणि मग कार्यक्रम बंद. मलाही वाईट वाटतंय गं, पण लोकांसमोर त्यांचं हसं व्हायला नको."

बाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आई गेल्यापासून त्यांचा आठवडा म्हणजे एक सोमवार आणि त्याची तयारी. हा कार्यक्रम हातचा गेला तर बाबा दिवसभर करणार काय, या प्रश्नापाशी आली की ती घाईघाईने दुसरं काहीतरी काम काढायची.

लाल दिवा लागला. बाबांनी घसा साफ केला आणि गाडी रुळावर आली.

"मंडळी, आज जायचंय आयर्लंडला. तिथं एक होता कॅप्टन. एका बड्या जमीनदाराचा कारभारी. पीक बुडालेलं, कुळं म्हणाली, खंड कमी करा. हा गडी म्हणतो, खंड भरा नाहीतर चालते व्हा. आता लोकांनी काय करावं? दगड मारले? छे. त्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. शेतावर मजूर येईना. दुकानदार माल देईना. पत्रं आणणाऱ्या पोरालाही दम भरला. सैनिकांच्या पहाऱ्यात बाहेरून माणसं आणून पीक काढावं लागलं..."

ती ऐकता ऐकता सैलावली. शब्द तिने केव्हाच ओळखला होता. बाबा रंगात आले होते, हातवारे चालले होते, आवाज खणखणीत होता. बाईंनी उगाच बाऊ केला, असं तिला वाटलं.

"...शेवटी कॅप्टन देश सोडून गेला. पण नाव मागं राहिलं. आणि त्याचं नाव होतं..."

बाबा थांबले. ते नेहमीच इथे थांबत, श्रोत्यांना जरा ताणून धरायला. पण आज ताण लांबला. त्यांचा उचललेला हात तसाच हवेत राहिला आणि मग हळूच टेबलावर आला. त्यांनी डोळे मिटून हेडफोन काढून ठेवला.

तिने झटकन त्यांच्याशी बोलायचं बटण दाबलं आणि हेडफोनमध्ये नाव सांगितलं. एकदा, दोनदा. पण कान तिथे होता कुठे? हेडफोन टेबलावर पडून होता. तिने काचेवर टकटक केली, त्यांनी डोळे उघडले नाहीत. तिच्यापुढची आवाज मोजणारी सुई आडवी झाली होती.

दार उघडून प्रमुखबाई आत आल्या. "गाणं लाव."

"एक मिनिट."

"मिनिट नाही आपल्याकडे. लाव."

तिचं बोट गाण्याच्या बटणावर होतं. तेवढ्यात सुई हलली.

"मंडळी," बाबा म्हणाले, "मला नाव आठवत नाही."

बाई पुढे झाल्या. तिने बटणावर तळहात आडवा धरला. "बोलू द्या त्यांना, मॅडम."

"हे काही आजचं नाही," बाबा सांगत होते. "बरेच दिवस चाललंय. लेकीला वाटतं, मला कळत नाही. मला वाटायचं, तिला कळत नाही. असा आमचा छान संसार चाललाय. पण गोष्ट अर्धी सोडून मी उठणार नाही. कुणाला ठाऊक असेल तर फोन करा. उपकार होतील."

फोनचे दिवे भराभर लागले. तिने काचेपलीकडे हेडफोनकडे बोट दाखवलं, बाबांनी तो चढवला, आणि तिने पहिलाच फोन जोडून दिला. कुणी थकल्या आवाजाची बाई होती.

"बॉयकॉट, सर."

"बॉयकॉट," बाबा म्हणाले. "हां. बॉयकॉट. काय नशीब बघा, ज्याच्याशी बोलायचं नाही असं गावानं ठरवलं, त्याचंच नाव जगाच्या तोंडी बसलं." ते हसले. प्रमुखबाई मागे सरून भिंतीला टेकल्या.

"तर पुढच्या सोमवारपासून मी येणार नाही. तुम्ही मात्र यायचं. या खुर्चीत जी बसेल, ती आत्ता काचेपलीकडे आहे. माझ्या गोष्टी ऐकून तिचे कान किटलेत, पण तिच्याइतक्या त्या कुणाला पाठ नाहीत. तिचं नाव..."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडंच राहिलं.

हेडफोन या वेळी कानावर होता. बोलायचं बटण तिच्या बोटाखाली होतं. बापाला आपलं नाव आपणच सांगायचं, हे तिच्याच्याने होईना. ती नुसती बघत राहिली, ते बघत राहिले, आणि सुई पुन्हा आडवी झाली.

"माझी लेक," बाबा म्हणाले. "माझी लेक आहे ती, मंडळी."

इतक्या खात्रीने त्यांनी आजवर कुठलंच नाव सांगितलं नव्हतं. पण नाव त्यांना आठवलं नव्हतं, हे तिला काचेतून स्पष्ट दिसलं. तिने डोळे पुसले आणि गाणं लावलं.