आर्डिथच्या चालीचा पिकअप

मर्ल कोस्कान पिकअप दुरुस्त करायला तिसऱ्यांदा आला तेव्हा आर्डिथनं त्याला 'ये'सुद्धा म्हटलं नाही. "फिल्टर बदललास, कार्बोरेटर धुतलास, आता काय न्हाऊमाखू घालणार आहेस त्याला?" असं म्हणत तिनं कॉफीचा मग त्याच्या हातात कोंबला.

नेब्रास्काच्या त्या वाळूच्या टेकड्यांत लोकांचे पिकअप दुरुस्त करण्यातच मर्लचा जन्म गेला होता. चोवीस वर्षांच्या एका जुन्या धुडानं आपल्याला हात टेकायला लावावेत, हे त्याला सोसवत नव्हतं. त्यात गाडी आर्डिथची. दुसऱ्या कुणाची असती तर 'भंगारात घाल' म्हणून तो मोकळा झाला असता.

तक्रार साधीच होती. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन दोनदा कण्हायचं आणि बंद पडायचं. शहरात अशा गाडीनं नुसती चिडचिड होते, इथं मात्र अख्खा हिवाळा अडतो. नवरा वेंडेल गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, आर्डिथ साठ गाईंना एकटीच चारा घालत होती. सगळ्यात खालचा गिअर टाकायचा, स्टिअरिंग दोरीनं बांधायचं, उतरून मागे चढायचं आणि ड्रायव्हरविना कुरणातून रांगणाऱ्या गाडीतून गवत खाली ढकलत राहायचं. तिकडे सगळेच असं करतात, कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. पण त्यासाठी गाडीनं आपली आपण रांगायला हवं. गेल्या मंगळवारी ती नऊ वेळा बंद पडली, आणि नवव्यांदा उतरताना आर्डिथ गुडघ्यावर आपटली. ते मुलाच्या, ड्वाइटच्या कानावर गेलं आणि तो ओमाहाहून तडक येऊन थडकला.

"आज गाडी चालली आणि तुला जमलं तर ठीक, आई. नाहीतर गाई विकायच्या आणि तू आमच्याकडे यायचं."

"तिथं येऊन काय करू? तुमच्या लॉनला चारा घालू?"

मर्लनं बॉनेट उघडलं. पेट्रोलची नळी सोडवून एका बरणीत धरली आणि ड्वाइटला चावी फिरवायला सांगितली. बरणीत सणसणीत धार पडली.

"पेट्रोल रग्गड येतंय," मर्ल म्हणाला. "म्हणजे कुठूनतरी फुकटची हवा ओढतेय ही बया."

ड्वाइटनं पायानं इंजिन जिवंत ठेवलं आणि मर्ल एकेका सांध्यावर कार्बोरेटर साफ करायचा फवारा मारत गेला. पुढे काही नाही. बाजूला काही नाही. मागच्या रबरी नळीवर फवारा पडला मात्र, तो आत ओढला गेला आणि इंजिनानं एकदम आवाज चढवला. त्या नळीवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि वरून गवताचे गठ्ठे बांधायची तार आवळलेली होती. पट्टी सोडली तर खाली रबराला बोटभर चीर.

"वेंडेल!" मर्ल आभाळाकडे बघून ओरडला. "मेल्यावरही माझं डोकं खातोस होय रे?"

पण खरा राग त्याला स्वतःचाच आला. तार आणि पट्टी तिथं कुठल्या गाडीला नसते? आधी दोन्ही वेळा त्यानं ती पाहिली होती आणि दुरुस्त झालंय म्हणून पुढे गेला होता.

नवी नळी बसली. इंजिन एका सुरात चालायला लागलं. मर्लनं मीटर लावून, इंजिनाचा वेग ठरवणारा स्क्रू फिरवून, पुस्तकात दिल्याप्रमाणे मिनिटाला बरोबर सातशे फेऱ्यांचा आकडा धरला. त्याची छाती फुगली.

मग आर्डिथ मागे चढली आणि परीक्षा सुरू झाली. गाडी बंद पडली नाही, पण लग्नाला उशीर झाल्यासारखी चालू लागली. आर्डिथ एक गठ्ठा ढकलून दुसऱ्याकडे वळेपर्यंत गाडी भलतीकडे पोचलेली असायची. गाई धापा टाकत मागे धावत होत्या. शेवटी आर्डिथ कठडा धरून खाली बसली. ड्वाइटनं पळत जाऊन चावी बंद केली.

"बघितलंत? आता गाडी बंद पडत नाही, आई थकून खाली बसते."

वेंडेलला पुरलं त्या दिवशीसुद्धा आर्डिथ मर्लशी भांडली होती. आज मात्र ती भांडणाऐवजी हातमोजे काढू लागली.

मर्ल स्क्रूड्रायव्हर घेऊन पुन्हा बॉनेटपाशी गेला. मग हळूच म्हणाला, "वेंडेलनं आकडा पुस्तकातनं नव्हता घेतला, आर्डिथ. तुझ्या चालीकडे बघून लावला होता. ऊठ बरं."

पाव फेरा. थोडं चालवायचं, थांबवायचं, तिच्या हातांकडे बघायचं. पुन्हा पाव फेरा. चौथ्या खेपेला गाडी तिच्याबरोबर चालू लागली. ती वाकली, उचललं, ढकललं, वळली, की पुढच्या गठ्ठ्याची जागा नेमकी खाली यायची. गाई रांगेनं खायला लागल्या.

"जमलं रे!" ती वरून ओरडली. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कामाचं काहीतरी केलंस!"

मर्लनं हसत स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.

"आज जमलं, मर्लकाका," ड्वाइट म्हणाला. "पण पुढच्या वर्षी तिला एवढंही झेपलं नाही तर?"

"स्क्रूला अजून अर्धा फेरा शिल्लक आहे."

ड्वाइटनं एकदा आईकडे बघितलं. मग कोटाच्या बाह्या वर सारत म्हणाला, "कुठला स्क्रू, ते मला दाखवून ठेवा."