चार पौंडांचं खोटं

मी टायरमधली हवा मोजणारा गेज बोलतोय. अंग पितळेचं, तोंडावर काचेची तबकडी आणि खाली हातभर रबरी नळी. जरा जवळ घेऊन बघितलंत तर काच एका बाजूला तडकलेली दिसेल. ती कशी तडकली आणि त्यानंतर मी काय केलं, ते सांगायला बसलोय. त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

जन्माचं एवढंच आठवतं, की आम्हा पंचवीस जणांना एका पाइपवर ओळीने बसवलं होतं. हवा सोडली आणि सगळ्यांचे काटे एकदम वर चढले. एकाचा मागे राहिला. त्याला काढून टोपलीत टाकलं. आपण त्या टोपलीत गेलो नाही, याचा मला फार अभिमान वाटला. तो अभिमान बरीच वर्षं टिकला.

पुढे जॉर्डनमधल्या अम्मान शहरात, बयादर भागातल्या एका सुट्या भागांच्या दुकानात, दोन हिवाळे खिळ्यावर लटकून काढले. मग एक दिवस सतनाय आली. वादी सीरच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, चाळिशी ओलांडलेली बाई. तिने दुकानदाराला सरळ सांगितलं, "आमच्या ह्यांनी गुपचूप रेसची गाडी घेतलीय. भावाच्या गोदामात लपवून ठेवलीय. मी चिडेन असं त्यांना वाटतं."

"मग चिडला नाहीत?"

"हा गेज बांधून द्या. जेवणाच्या ताटाशेजारी ठेवते. कळेल त्यांना."

आणि खरंच तिने मला ताटाशेजारी ठेवलं. तिचा नवरा इनाल दातांचा डॉक्टर. घास हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग बायकोकडे. म्हणाला, "गोदामाची किल्ली तुला कुणी दिली?" त्या दिवशी दोघं इतकं हसली, की चहा गार झाला.

गाडी म्हणजे जुनी, पांढरी, दोन दारांची. मागची सीट काढून टाकलेली. दर शुक्रवारी सकाळी ती अज़रकच्या वाटेवरच्या एका बंद पडलेल्या विमानपट्टीवर जायची. तिथे पंधरा-वीस हौशी मंडळी जमायची. कुणी बेकरीवाला, कुणी बँकेतला, एक तर मशिदीचे घुमट बांधणारा कंत्राटदार. रिकामे पिंप मांडून वळणं केलेली. कुणाला बक्षीस नाही, कुणाचा फोटो पेपरात येत नाही. आपली वेळ मागच्या शुक्रवारपेक्षा कमी झाली की झालं.

टायरचं काम सतनायकडे होतं. गाडी चार फेऱ्या मारून परत आली, की ती गुडघ्यांवर बसायची, झाकण काढायची आणि माझी नळी टायरवर दाबायची. तापलेल्या रबराचा श्वास माझ्यात शिरायचा.

"एकतीस पौंड," ती म्हणायची.

"तीन सोड," हेल्मेटमधून आवाज यायचा.

ती हवा सोडायची, परत मला लावायची, आणि मी अठ्ठावीस सांगितल्याशिवाय गाडी हलायची नाही. चार वर्षं हा नेम चालला. निघण्याआधी शेवटचा शब्द माझा असायचा. मला वाटायचं, हे जोडपं माझ्यावर चाललंय.

मग जानबेक आला.

जानबेक हा सतनायचा धाकटा भाऊ. शारजाच्या एका गॅरेजात सात वर्षं काढून परतला होता. येताना त्याने बहिणीला एक भेट आणली. तापमापक. दिसायला पिस्तुलासारखा, काळा-पिवळा. लांबूनच लाल ठिपका टाकायचा आणि आकडा सांगायचा. ना गुडघे टेकायचे, ना झाकण काढायचं, ना कशाला स्पर्श करायचा. मी ज्या कप्प्यात मऊ फडक्यावर पडून असायचो, तो कप्पा त्याला मिळाला. मला पान्यांच्या ढिगात हलवलं.

"टायरच्या आतली कड, मध्य आणि बाहेरची कड," जानबेक बहिणीला शिकवत होता. "तिन्ही ठिकाणची उष्णता बघायची. टायर स्वतः बोलतो ताई, आपण ऐकत नाही."

"टायर बोलतो," इनाल डबा उघडता उघडता पुटपुटला. "माझ्याकडे दात बोलतात. पण मी पाहुण्यांसमोर सांगत नाही."

जानबेक हसला. त्याच दिवशी त्याने गाडी चालवायला मागितली आणि दाजींच्या गाडीतच दाजींपेक्षा तीन सेकंद कमी वेळात फेरी मारून दाखवली.

"दाजी, रागावू नका हं," उतरताना तो म्हणाला, "पण तुम्ही ब्रेक मारता ना, तेव्हा गाडीची माफी मागताय असं वाटतं."

"माझ्या खुर्चीत येऊन बस एकदा. मग बघू कोण माफी मागतं."

सगळे हसले. इनालही हसला, पण डब्यातला चीज भरून तळलेला हलिवा त्याने तसाच ठेवला. मी त्याचा चेहरा बघितला आणि ओळखलं. माझं जे होत होतं तेच त्याचं होत होतं. त्या दिवसापासून आम्ही दोघं एका बाजूचे झालो.

पुढच्या शुक्रवारी ते घडलं. सतनायने मला टायरवरून काढलं आणि तापमापक घेता यावा म्हणून मला गाडीच्या टपावर ठेवलं. टप उतरता होता. मी घरंगळलो आणि काँक्रीटवर आपटलो. काच तडकली. पण खरी इजा आत झाली होती. माझी स्प्रिंग वाकली. तेव्हापासून मी चार पौंड कमी सांगायला लागलो. बत्तीस असले तर माझा काटा अठ्ठावीसवर थांबायचा.

सतनायने मला उचललं, काचेवर बोट वाजवलं, काटा शून्यावर आहे ना बघितलं. "वाचला बिचारा," ती म्हणाली.

मला बोलता येत नाही, हे खरं. पण खरं सांगायचं तर येत असतं तरी मी बोललो नसतो. बिघडलोय असं कळलं, की पिस्तुलाचं राज्य पक्कं होणार होतं.

त्यानंतर गाडी बिघडायला लागली. सरळ पट्टीच्या शेवटी इनालने ब्रेक दाबला, की गाडी डावीकडे ओढ घ्यायची. पहिल्या शुक्रवारी थोडी, दुसऱ्या शुक्रवारी जास्त. वळणावर पकडही कमी झाली होती.

"हवेचं काहीतरी आहे," इनालने ठरवून टाकलं. "सतनाय, गेज दे."

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. दिवसातून दहा दहा वेळा मी लागलो. डावीकडे एक पौंड वाढव, उजवीकडे एक कमी कर. तापमापक कप्प्यात पडून होता. ओढ मात्र जाईना.

"दाजी, पुढचे दोन टायर अदलाबदल करून बघा," जानबेक म्हणाला. "टायरचा दोष असेल तर ओढ उजवीकडे जाईल."

केलं. ओढ डावीकडेच राहिली.

"झालं तर मग. टायर नाही. ब्रेक उघडून बघू."

"चाकांचा कोन असेल. मी सोमवारी गॅरेजात दाखवतो."

"कोन असता तर नुसतं चालतानाही ओढली असती. ही ब्रेक मारल्यावरच ओढतेय. दोन मिनिटं ब्रेकच्या डिस्कची उष्णता तरी घेऊ द्या."

"जानबेक," इनाल शांतपणे म्हणाला, "ही गाडी माझी आहे."

असं म्हणून तो बसला आणि पट्टा लावला. सतनायने मला चारही टायरांना लावलं. मी चारही वेळा अठ्ठावीस सांगितलं. ते चारही वेळा खोटं होतं.

ती पट्टीच्या टोकाला वाळूच्या पोत्यांमागे घड्याळ घेऊन उभी राहिली. मी तिच्या कोटाच्या खिशात होतो, तबकडी बाहेर डोकावत होती. त्यामुळे मला सगळं दिसलं. गाडी वेगात आली, नाक खाली गेलं, आणि ती डावीकडे, थेट आमच्याकडे वळली. हवा जास्त भरलेले टायर जमिनीला धरत नव्हते. आधी खडी उडाली आणि मग काही दिसेना. धूळ खाली बसली तेव्हा गाडीचं नाक पोत्यांपासून दोन हातांवर होतं.

सतनाय जागची हलली नव्हती. तिचा हात खिशात मला घट्ट धरून होता. इनाल दार उघडून बाहेर आला.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

त्याने दिली.

"आता दोघांनीही बोलायचं नाही. मी विचारलं तरच बोलायचं. जानबेक, ते पिस्तूल आण."

मग तिने वर्गात प्रयोग करावा तसं सगळं केलं. वहीचं कोरं पान काढून गाडीचं चित्र काढलं आणि प्रत्येक चाकापाशी जागा सोडली. आधी ब्रेकच्या डिस्क. पुढची डावी तीनशे दहा अंश. पुढची उजवी एकशे चाळीस.

"जानबेक, याचा अर्थ?"

"उजवा ब्रेक कामच करत नाहीये, ताई. सगळा भार डावा उचलतोय, म्हणून गाडी डावीकडे जाते."

गाडी गार झाल्यावर ती उचलून चाकं काढली. सतनाय ब्रेकच्या पेडलवर पाय देऊन बसली आणि जानबेकने ब्रेकचं तेल सोडणारा स्क्रू सैल केला. डावीकडे तेलाची धार उडाली. उजवीकडे ठिबकलं. तेल नेणारी रबरी नळी बाहेरून अगदी धडधाकट होती. जानबेकने ती काढून चाकूने कापली. आत रबर फुगून भोक सुईएवढं उरलं होतं.

इनालने तो तुकडा हातात घेतला आणि उजेडाकडे धरून बराच वेळ बघितला. "रोज हेच बघतो मी," तो म्हणाला. "बाहेरून दात शाबूत आणि आतून सगळं बंद. आणि पेशंट सांगतो, डॉक्टर, काही नाही हो, गार लागतं जरासं."

"मग त्या पेशंटला तुम्ही काय सांगता, दाजी?"

"मूर्ख आहेस म्हणतो. मनात."

सतनाय हसली नाही. ती वहीत बघत होती. गाडी गरम असतानाच तिने टायरांचे आकडेही घेऊन ठेवले होते. "हे जमत नाही," ती म्हणाली. "चारही टायर कडांना सत्तर अंश आणि मध्ये शहाऐंशी. मधला भाग एवढा कधी तापतो?"

"हवा जास्त झाली की," जानबेक म्हणाला. "टायर मध्ये फुगतो आणि मधल्या भागावरच चालतो."

"पण अठ्ठावीस मी स्वतः भरले."

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. चार वर्षांत तिने माझी तबकडी हजारदा बघितली असेल. पण माझ्याकडे ती अशी त्या दिवशी पहिल्यांदाच बघत होती.

बेकरीवाल्याचा गेज मागून आणला. सुट्या काढलेल्या चाकाला आधी मला लावलं. टायर गार झाल्याने दाब उतरला होता; माझा काटा वीसवर थांबला. मग त्याला लावलं. चोवीस.

"थंडीमुळे असेल," इनाल म्हणाला. त्याने माझी बाजू घेतली, आणि मला त्याहून जास्त लाज कधी वाटली नव्हती.

"थंडी त्याच्या गेजलाही वाजतेय," सतनाय म्हणाली. "पडल्या दिवसापासून हा चुकतोय. मी तपासायला हवं होतं. तुम्हाला तो खरा वाटला, कारण तो तुमच्यासारखाच ठामपणे बोलत होता."

इनालने मान खाली घातली. मग त्याने ते पिस्तूल उचललं आणि मेहुण्याच्या हातात दिलं. "घे. यापुढे आकडे तू सांग, मी ऐकतो. आणि त्या वळणावर ब्रेक कुठे मारतोस, तेही दाखव."

"दाखवतो. पण डब्यातले हलिवे माझे."

"निम्मे."

नवी नळी आली, ब्रेक सुधारला, नवा गेज आला. साधा, काळ्या प्लास्टिकचा. तो आता माझ्या जुन्या कप्प्यात तापमापकाशेजारी राहतो. इनालने गेल्या वसंतात आपली वेळ दोन सेकंदांनी कमी केली म्हणे. मला हे ऐकूनच कळलं, कारण मी तिथे नव्हतो. अजून जळतं. नाही म्हणणार नाही.

मला कचऱ्यात जायचं होतं. सतनायने मला शाळेत नेलं. आता मी प्रयोगशाळेच्या कपाटात राहतो, काचनळ्या आणि चुंबकांबरोबर. वर्षातून एकदा ती मला बाहेर काढते, माझ्या बाजूला प्लास्टिकचा एक गेज ठेवते, दोघांनाही एकाच टायरला लावून दाखवते आणि मुलींना विचारते, "यातला एक खोटं बोलतोय. कोण?"

मुली आम्हाला हातात घेऊन फिरवतात. पितळ चमकतं, काटा डौलात चढतो. दरवर्षी बहुतेक मुली मलाच खरा मानून हात वर करतात. आणि काय सांगू, सगळं माहीत असूनही त्या क्षणी मला फार बरं वाटतं. बाजूचा तो प्लास्टिकवाला हिरमुसतो असंसुद्धा वाटतं.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. तुमच्या आकड्यावर विसंबून कुणीतरी पोत्यांमागे उभं असतं. तुमच्या हातात माझ्यासारखा जुना, वजनदार, आवडता कुणी असेल, तर त्याला आणि त्याच्या शत्रूलाही क्षणभर बाजूला ठेवा. खाली बसा, टायरवर हात ठेवा, आणि तो कुठे तापलाय ते बघा.